स्प्रे-गनने रंगकाम : नवशिक्याचा हात कसा बसेल?



ऊस विकास खात्याच्या माणसाने रंगकामावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी हे विषय सोडून हा गडी रंगाच्या डब्यामागे का लागला, असे कोणी म्हटले तर त्याचे म्हणणे गैर नाही. पण त्याला कारण घडले आहे, ते आधी सांगतो.

नारायणगडाच्या बाजूचा आपल्या एका सभासदाचा मुलगा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात कोयता घेऊन जातात, हे आपणांस सांगायला नको. हा मुलगाही बापाबरोबर चार हंगाम गेला. पाचव्या वर्षी त्याने मुकादमाची उचल घेतली नाही. हातउसने पैसे काढून जुना कॉम्प्रेसर आणि एक गन घेतली आणि गावात ट्रॉल्या, टायरगाड्या, नांगर, पेरणीयंत्रे रंगवून द्यायची म्हणून बसला. पहिलीच ट्रॉली रंगवली. मालकाने फळीवरून तळवा फिरवला, खरबरीत लागले. खाली वाकून पाहिले तर रंगाचे ओघळ. ठरलेल्या पैशातले निम्मे हातावर ठेवले आणि ट्रॉली घेऊन गेला. मुलगा गट ऑफिसात येऊन मला म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यात मुकादम येणार आहे. हे जमलं नाही तर परत कोयताच."

रंगकामाची पदवी माझ्याजवळ नाही. कृषी पदविका आहे, आणि वीस वर्षे फवारणी शिकवण्याचा अनुभव आहे. त्याची ट्रॉली पाहिली आणि ध्यानात आले की, तणनाशक मारताना आपले लोक ज्या चुका करतात, नेमक्या त्याच चुका ह्या फळीवर उमटल्या आहेत. उसाच्या सरीत त्या पंधरा दिवसांनी दिसतात, लोखंडावर पंधरा मिनिटांत दिसतात, एवढाच फरक.

दुसरे कारण रस्त्याचे. हंगामात रात्री काट्यासमोर रांग लागते, रस्त्याच्या कडेला ट्रॉल्या उभ्या असतात. गंजून तांबूस झालेली ट्रॉली, वर वाळलेले पाचट, मागे दिवा नाही. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. चांगल्या रंगाची ट्रॉली ही नुसती मालकाची हौस नव्हे.

आता मुद्द्याकडे वळू.

फवारणी आणि गनने रंगकाम ही सख्खी भावंडे आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी डॉ. ॲलन डेव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरने 1888 च्या सुमारास घशात औषध उडवण्याचे छोटे यंत्र काढले. पुढे त्याच्या मुलाने 1907 साली त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. द्रव पदार्थ बारीक छिद्रातून न्यायचा, तोंडाशी जोराच्या हवेने त्याचा चुरा करायचा आणि तो चुरा पृष्ठभागावर सारखा बसवायचा, एवढीच सारी विद्या. आपल्या पाठपंपात द्रवाला दाब देऊन तो फोडतात, गनमध्ये हवेने फोडतात. म्हणून गनला कॉम्प्रेसर लागतो.

गनच्या तोंडाशी पितळी टोपी असते आणि तिला दोन शिंगे असतात. त्या शिंगांतून येणारी हवा रंगाच्या गोल झोताला दोन्ही बाजूंनी दाबून पंख्यासारखा चपटा करते. तणनाशकासाठी आपण जे पंखा-नोझल वापरतो, त्याचा फवारा आठवा. मध्ये दाट, कडेला विरळ. म्हणूनच तर आपण सांगतो की, दुसरा पट्टा मारताना पहिल्याची कड झाकून चला. रंगातही अगदी तेच करावयाचे असते. ज्याला हे एक कळले, त्याचे अर्धे शिक्षण झाले असे समजा.

मात्र एक ताकीद. तणनाशकाचा पंप रंगाला किंवा रंगाची भांडी औषधाला कधीही वापरू नयेत. थिनर पंपाचे रबरी वायसर खाऊन टाकतो, हे एक. आणि दुसऱ्या बाजूने थेंबभर 2,4-डी सुद्धा पुढे शेजारच्या कपाशीचा घात करते, हे आपल्या भागात नव्याने सांगायची गरज नाही.

रंगकाम बिघडते ते बहुतेक वेळा गन हातात धरण्यापूर्वीच. ट्रॉली हंगामाहून येते तेव्हा तिच्या सांध्यांत उसाचा रस, माती आणि पाचटाचा चुरा बसलेला असतो. रस आंबतो, त्यात आम्ल तयार होते आणि ते लोखंड खाते. त्यामुळे शेवटची खेप टाकली की त्याच आठवड्यात ट्रॉली भरपूर पाण्याने धुवावी. रंग द्यायचा असो वा नसो, धुवावीच. पुढे रंगाच्या वेळी सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने ग्रीस काढावे, वाळू द्यावे, मग खरवडणी आणि तारेचा ब्रश. सुटलेली पापुद्र्याची गंज सगळी गेली पाहिजे. त्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120 आणि शेवटी 220. नंबर जेवढा मोठा तेवढा कागद मऊ. ज्या ठिकाणी जुना रंग घट्ट धरून आहे तेथे तो काढत बसू नका, नुसता घासून त्याची चकाकी मारा. चकचकीत रंगावर नवा रंग धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो.

जुना पिवळा, नारंगी किंवा लाल रंग घासताना पेपर पाण्यात भिजवून घासावा. पूर्वीच्या या रंगांत शिसे असे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखात 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला, पण तो कारखानदारी वापराच्या रंगांना लागू नाही आणि जुन्या ट्रॉलीवर काय आहे ते कोणाला माहीत? ती धूळ लेकरांच्या पोटात जाऊ नये. अंगणात घासून झाले की जागा झाडू नये, धुवावी. घरातल्या बाईमाणसाने ते कपडे इतर कपड्यांबरोबर भिजवू नयेत.

मोठे खड्डे लांबीने भरावेत, वाळल्यावर घासावे. मग रेड ऑक्साईड प्रायमर. हा प्रायमर मी ब्रशनेच लावा म्हणतो. नवशिक्याला गनचा मोह फार. प्रायमरही गननेच मारतो म्हणतो. पण गंज खरवडल्यावर लोखंडात जे बारीक खळगे राहतात, त्यांत ब्रश रंग दाबून भरतो, गन वरवर उडवते. प्रायमर न लावता थेट रंग मारणे म्हणजे बेणेप्रक्रिया न करता ऊस लावणे. वरून हिरवेगार दिसते, आत काय चालले ते पुढे कळते.

आता रंग कालवणे. डब्यातला सिंथेटिक एनॅमल ब्रशच्या मानाने दाट असतो, गनला पातळ लागतो. पातळ करायला त्याच रंगाच्या डब्यावर जो थिनर लिहिला असेल तोच घ्यावा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांपैकी काहीही नको. रॉकेलने रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि पेट्रोल हे सरळसरळ आगीला आमंत्रण आहे. एन.सी. रंगाचा थिनर फार जहाल असतो. तो एनॅमलच्या थरावर पडला तर खालचा थर सुरकुततो आणि फुगून वर येतो. दुकानदाराने "हाच चांगला आहे, जलद वाळतो" म्हणून दिला तरी घेऊ नये.

किती पातळ? गॅरेजवाले फोर्ड कप वापरतात. तळाला सुमारे 4 मिलिमीटरचे भोक असलेला तो पेला असतो. भरलेला पेला 20 ते 25 सेकंदांत रिकामा झाला की रंग गनजोगा झाला. कप नसेल तर स्वच्छ काडी बुडवून वर धरावी. रंगाची धार एकसंध वाहून मग सावकाश थेंब थेंब पडू लागले तर ठीक. मधासारखी लोंबत राहिली तर दाट, पाण्यासारखी लगेच तुटली तर पातळ. नंतर बारीक नायलॉन जाळीतून गाळावे. हे गाळणे जो टाळतो, तो दहा मिनिटांनी गनचे नोझल उघडून बसतो.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, आणि हीच मी त्या मुलाला आधी करायला लावली. पहिले दोन दिवस रंगाला हात लावायचा नाही. गनच्या भांड्यात पाणी आणि चिमूटभर नीळ घ्यायची, होय, कपड्याला घालतात तीच, पूर्ण विरघळवून आणि गाळून. भिंतीला जुनी वर्तमानपत्रे चिकटवायची आणि त्यावर मारायचे. रंग महाग आहे, नीळ नाही.

या निळीने प्रथम फवारा तपासावा. टोपी फिरवून पंखा आडवा करावा आणि एका जागी धरून निळीचे ओघळ खाली येईपर्यंत ट्रिगर दाबावा. सगळे ओघळ सारख्या लांबीचे आले तर गन बरोबर लागली. मधले ओघळ लांब आणि कडेचे आखूड आले तर द्रव जास्त किंवा हवा कमी आहे. दोन्ही टोकांचे लांब आणि मधला भाग कोरडा आला तर हवा जास्त झाली, किंवा पंखा फारच रुंद केला. फवारा एका बाजूला वाकडा येत असेल तर टोपी अर्धी फिरवून पुन्हा मारून पाहावे. वाकडेपणाही फिरला तर टोपीच्या शिंगातले भोक बुजले आहे. न फिरता तेथेच राहिला तर घाण नोझलमध्ये आहे. भोक तारेने किंवा खिळ्याने कोरू नये. थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने साफ करावे. पितळेचे भोक एकदा मोठे झाले की टोपी कामातून गेली.

दाब साध्या गनला 40 ते 50 पौंड पुरतो. येथे एक बारीक फसगत आहे. ट्रिगर न दाबता घड्याळात 50 दिसतो, दाबला की खाली येतो. म्हणून ट्रिगर दाबून ठेवून मगच दाब लावावा. नळी लांब आणि बारीक असेल तर गनच्या तोंडाशी त्याहूनही कमी पोचतो.

आता हात. तणनाशक मारणारा गडी कसा चालतो ते आठवा. चांगला गडी एकाच उंचीवर नोझल धरून एकाच चालीने जातो. कच्चा गडी एका जागी उभा राहून हात डावी-उजवीकडे झुलवतो. मध्ये पीक भाजते, कडेला तण तसेच राहते. गनमध्ये नेमके हेच मनगट घात करते. मनगट वळवले की मधोमध गन जवळ येते, टोकांना लांब जाते. मध्ये रंग साचून ओघळतो आणि टोकांना कोरडा भुगा बसतो. तेव्हा मनगट ताठ ठेवावे. खांदा आणि कोपर हलवावे, लांब फळी असेल तर पायाने चालावे. गन पृष्ठभागाला काटकोनात असावी. अंतर 6 ते 8 इंच, म्हणजे पसरलेल्या वितीपेक्षा बोटभर कमी. वेग सेकंदाला साधारण एक फूट.

ट्रिगर केव्हा दाबावा? हात आधी चालू करावा, फळीची कड येण्यापूर्वी ट्रिगर दाबावा, दुसरी कड ओलांडल्यावर सोडावा आणि मगच हात थांबवावा. नवशिका फळीवर गन रोखतो, ट्रिगर दाबतो आणि मग हात हलवतो. सुरुवातीला जो गठ्ठा रंग बसतो तोच पुढे ओघळतो. त्या मुलाच्या ट्रॉलीवर सगळे ओघळ फळीच्या डाव्या टोकाला होते. तो कुठून सुरुवात करत होता हे त्याला न विचारताच मी सांगितले, तेव्हा तो हसला.

दुसरा पट्टा मारताना पहिल्या पट्ट्याची खालची कड पंख्याच्या मधोमध यावी, म्हणजे निम्म्यावर निम्मा पट्टा चढतो. आधी कोपरे, कडा, सांधे आणि नटबोल्टची जागा हलक्या हाताने मारून घ्यावी, मग सपाट भाग. पहिला हात फार पातळ, नुसते दव पडल्यासारखा द्यावा. खालचे प्रायमर दिसले तरी चालेल. हे मन मारून करावे लागते, कारण पहिल्याच हातात झाकून टाकावे असे वाटते. दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसरा हात ओला द्यावा. रंग ओला चमकला पाहिजे, पण वाहता कामा नये. तिसरा लागलाच तर रात्रभर वाळू देऊन दुसऱ्या दिवशी.

तळव्याला खरबरीत का लागते, याची दोन वेगळी कारणे आहेत आणि लोक ती एकात घालतात. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसत असतील तर रंग दाट आहे किंवा दाब कमी आहे. थेंब मोठे पडले, पसरायच्या आत आळले. वाळूसारखे खरबरीत लागत असेल तर गन लांब धरली, किंवा ऊन आणि वारा इतका होता की थेंब वाटेतच सुकला. पहिल्याला थिनर वाढवायचा, दुसऱ्याला जवळ जायचे आणि सावली शोधायची. त्या मुलाने दोन्हीला एकच उपाय केला, दाब वाढवला. त्याने भुगा आणखी वाढला.

ओघळ आला तर बोटाने पुसू नये. पुसलेला डाग ओघळापेक्षा वाईट दिसतो. पूर्ण वाळू द्यावा, 320 च्या ओल्या पेपरने सपाट करावा आणि त्यावर पातळ हात द्यावा.

आता हवामान. येथे माझी स्वतःची फजिती सांगतो. खंडेनवमीला अवजारे पुजायची, त्याआधी घरची ट्रॉली नवी करावी म्हणून भाड्याने कॉम्प्रेसर आणला. पंक्चर काढायच्या कामातला होता तो. सप्टेंबरचे दिवस, परतीचा पाऊस, सकाळचे सात वाजलेले. लाल रंग मारला. अर्ध्या तासात फळीवर माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोके उघडली, आत प्रायमर दिसू लागला. दुसऱ्या बाजूला रंगावर पांढुरकी झाक आली. घरचे म्हणाले, "साहेबांनी ट्रॉलीला देवी आणल्या." चार दिवस घासण्यात गेले आणि पूजेला ट्रॉली पेपर मारलेल्या अंगाने उभी राहिली.

चूक माझीच होती. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, त्यात यंत्राचे ऑईल मिसळते. टायरला ते चालते, रंगाला चालत नाही. टाकीच्या बुडाला पाणी सोडण्याचा कॉक असतो, तो कामाआधी उघडलाच पाहिजे. पावसाळी दिवसांत दर तासाला उघडावा. गनच्या आधी पाणी पकडणारा फिल्टर बसवावा. ट्रिगर दाबून नुसती हवा आरशावर सोडावी, आरसा पुसट झाला तर अजून पाणी येते आहे. भोकांचे दुसरे कारण म्हणजे ग्रीस, ऑईल किंवा पॉलिशचा राहिलेला अंश. घासून झाल्यावर फळी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि मग तिला हाताचा तळवा लावू नये.

पांढरी झाक ही दमट हवेची. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसाच सकाळी गार पडलेल्या लोखंडालाही येतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग आणखी गार करतो. म्हणून पावसाळ्यात व थंडीत दहा वाजल्यानंतर सुरुवात करावी आणि चारच्या आत आवरावे, म्हणजे दव पडण्यापूर्वी रंग आळतो. हवेत 85 टक्क्यांच्या वर ओलावा असेल त्या दिवशी गन हातात घेऊच नये.

माझे मत विचाराल तर आपल्याकडे रंगाला खरा काळ म्हणजे एप्रिल-मे. हंगाम संपलेला, ट्रॉली मोकळी, हवा कोरडी. फक्त ऊन टाळावे. दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पडला की पसरण्याआधीच सुकतो, खाली अडकलेला थिनर वर येऊन फोड उठतात. शेड किंवा झाडाची सावली आणि सकाळची वेळ धरावी. झाडाखाली वारा व पक्षी यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. आषाढीला गडावर लोक लोटण्याच्या आत रंग झाला म्हणजे पावसाळा बाहेर, ट्रॉली सुरक्षित. पण आपण सारे दसऱ्याची वाट पाहतो, आणि दसऱ्याच्या तोंडावर एका रंगाऱ्याकडे वीस ट्रॉल्या उभ्या राहतात.

लाईटचाही विचार करावा. फळीच्या मध्यावर लाईट गेली की ओला-कोरडा जोड कायमचा दिसतो. एकेक फळी एका दमात संपेल असेच काम धरावे आणि टाकीत हवा पूर्ण भरल्याशिवाय नवी फळी सुरू करू नये.

खर्चाचे गणित करून पाहू. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट फळ्यांची ट्रॉली धरा. फळ्या आतून-बाहेरून 128 चौरस फूट, तळ वरून-खालून 120, एकूण सुमारे 248 चौरस फूट, म्हणजे 23 चौरस मीटर. ब्रशने लिटरला 10 चौरस मीटर धरले तर एका हाताला सव्वादोन लिटर लागतो. साध्या गनमधून निम्म्याहून अधिक रंग हवेत उडून जातो, म्हणून तेवढ्याच कामाला साडेचार-पाच लिटर लागेल. सबब तळ, खालची चौकट आणि आतली बाजू, जेथे ऊस घासून रंग तसाही जाणार, तेथे ब्रश. बाहेरून दिसणाऱ्या फळ्या तेवढ्या गनने. कमी दाबाच्या, जास्त हवेच्या एच.व्ही.एल.पी. गन मिळतात, त्यांत रंग कमी वाया जातो. पण त्यांना हवा फार लागते, लहान कॉम्प्रेसर पुरत नाही.

तो हवेत उडालेला रंग जातो कुठे? मारणाऱ्याच्या छातीत. तोंडाला रुमाल किंवा उपरणे बांधून कोणी हे काम करू नये. कापड थोडेफार कण अडवते, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. कोळशाची डबी असलेला मास्क मिळतो, तो गनबरोबरच विकत घ्यावा. डोळ्याला चष्मा घालावा. आणि नवशिक्याने दोन डब्यांचा पी.यू. रंग, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळतात तो, मुळीच मारू नये. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला ज्या वायूने माणसे मेली, तो या कुळातला. हार्डनरमधले रसायन वेगळे आणि त्या मानाने सौम्य, हे खरे, पण फवाऱ्यातून छातीत गेले तर दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही उठतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो शहरातल्या मोठ्या गॅरेजात असतो, आपल्या शेडमध्ये नाही.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. दहा पावलांवर पेटवलेली बिडी तिला पुरते. बंद खोलीत रंग मारू नये, जवळ चूल नको, वेल्डिंग तर नकोच. कॉम्प्रेसरची हवा गंमत म्हणून कोणाच्या अंगावर, कपड्यांवर सोडू नये.

आणखी एक, पोळ्याच्या दिवसांत पोरे हट्ट करतात म्हणून सांगतो. बैलाच्या शिंगांना गनने रंग मारू नये. रंग डोळ्यांत जातो, आवाजाने जनावर बुजते आणि थिनर चाटण्यात येतो. शिंगांना आपली नेहमीची पद्धत बरी, तीही सावकाश हाताने.

मागच्या फळीचा रंग कोणताही असो, मला तो फिकट किंवा पिवळा आवडतो, अंधारात उठून दिसतो. पण कितीही चांगला रंग असला तरी तो दिव्याचा प्रकाश चालकाकडे परत फेकत नाही. ते काम रिफ्लेक्टर आणि चमकपट्टीचे. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल. बैलगाडीवाल्यांनीही मागच्या आडव्या दांडीला लाल पट्टी लावावी. बैलाला हेडलाईट नसतो. ताज्या रंगावर पट्टी चिकटवू नये, खालचा थिनर निघत राहतो आणि पट्टी सुटते. आठवडाभर वाळू द्यावे, जागा पुसून कोरडी करावी, मग लावून कापडाने घट्ट दाबावी. उसाचे वाडे मागे लोंबून पट्टी झाकते. ती भरल्यावरही दिसेल एवढ्या खाली असावी.

काम संपताच गन धुवावी. जेवण झाल्यावर धुतो म्हणू नये. भांड्यात स्वच्छ थिनर घेऊन फवारा रंगहीन होईपर्यंत मारावा, टोपी काढून वेगळी धुवावी, नीडलला थेंबभर तेल लावावे. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवली तर आतील पॅकिंग सुकून गळू लागते. निळीच्या पाण्याने सराव केला असेल तर आधी नुसत्या हवेने पाणी पूर्ण काढावे, मगच थिनर. उरलेला थिनर ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणबंद डब्यात ठेवला की गाळ खाली बसतो, वरचा पुढल्या धुण्याला चालतो.

त्या मुलाने नंतर ती पहिली ट्रॉली मालकाकडून परत मागून आणली, स्वतःच्या खर्चाने घासली आणि पुन्हा मारली. मुकादम आला तेव्हा शेडमध्ये आणखी दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. या वर्षीची उचल त्याने घेतली नाही. पुढल्या वर्षीचे मी सांगू शकत नाही.

गावोगाव अशी शिकू पाहणारी मुले असतील तर त्यांनी गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव सांगावे. निळीचा सराव कसा करायचा हे मी समक्ष दाखवीन. येताना जुनी वर्तमानपत्रे मात्र ज्याची त्याने आणावीत.

— ऊस विकास अधिकारी